दुसऱ्या पदवीसाठी रजा, मग दुसरं लॉ स्कूल: अमेरिकेत जेडीची बदली कशी करावी

जेडीचं, म्हणजे अमेरिकेतल्या कायद्याच्या मुख्य पदवीचं, पहिलं वर्ष झालं, मग पब्लिक पॉलिसी किंवा एमबीएसाठी दोन वर्षं बाहेर पडलात आणि आता परतायचंय, पण त्याच लॉ स्कूलमध्ये नाही. अशी बदली होते. मार्क चांगले असूनही ती अडते, कारण जाताना घ्यायचे कागद घेतलेले नसतात. म्हणून तयारी रजेच्या अर्जापासूनच करायची. (दोन्ही पदव्या एकाच विद्यापीठात मिळत असतील तर आधी जॉइंट डिग्रीची चौकशी करा, खालची बरीच यातायात वाचेल.)

रजा लेखी मंजूर करून घ्या, परतीच्या तारखेसकट. बऱ्याच ठिकाणी ती वर्षभराचीच मिळते आणि दुसऱ्या वर्षासाठी पुन्हा अर्ज लागतो. तो राहून गेला की नोंद ‘विथड्रॉन’ (शिक्षण सोडलं) अशी पडू शकते. पुढे नवं स्कूल डीनच्या कचेरीचं ‘लेटर ऑफ गुड स्टँडिंग’ (विद्यार्थ्याचा दर्जा ठीक असल्याचं पत्र) मागतं तेव्हा ही नोंद आडवी येते.

निघण्यापूर्वीच निदान एका लॉ प्रोफेसरकडून शिफारसपत्र घेऊन एलसॅकच्या (लॉ स्कूल प्रवेशाची कागदपत्रं गोळा करून पाठवणारी संस्था) खात्यात ठेवा. पहिल्या वर्षाच्या वर्गात ऐंशी-नव्वद जण असतात, पेपर नावाऐवजी परीक्षा क्रमांकावर तपासले जातात. दोन वर्षांनी कोणाला तुमचा चेहरा आठवणार?

आता घड्याळ. लॉ स्कूलना मान्यता देणाऱ्या अमेरिकन बार असोसिएशनच्या नियमानुसार कायद्याचं शिक्षण सुरू केल्यापासून, अपवादात्मक परिस्थिती सोडली तर, ८४ महिन्यांत जेडी पूर्ण व्हावी लागते. नवं स्कूल जुनी क्रेडिट्स धरणार असेल तर मोजणी जुन्या स्कूलच्या पहिल्या दिवसापासून होते आणि रजेतही ती थांबत नाही. ऑगस्ट २०२२ ला सुरुवात केली असेल तर मुदत ऑगस्ट २०२९. दोन वर्षांची मास्टर्स सहज बसते, पीएचडी मात्र बहुधा नाही.

खरी गोम क्रेडिट्समध्ये आहे. जेडीला किमान ८३ क्रेडिट्स लागतात. स्कूल त्याहून जास्त मागू शकतं. समजा नव्या स्कूलला ८६ हवीत आणि तुमच्याकडे ३१ आहेत. ३० धरली तर उरलेली ५६ चार सत्रांत, म्हणजे सत्राला १४. जमेल. पण लीगल रायटिंगची चार धरली नाहीत तर ६०, म्हणजे सत्राला १५. त्यात जुन्या ठिकाणी कॉन्स्टिट्यूशनल लॉ दुसऱ्या वर्षाला होता आणि इथे पहिल्या वर्षाला असला, तर तो नव्या मुलांच्या वर्गात बसून करावा लागेल. एका सत्रात एकूण क्रेडिट्सच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत, इथे १७. त्यामुळे ‘नंतर भरून काढू’ हा हिशेब फार ताणता येत नाही. क्रेडिट्स आली तरी ग्रेड सहसा येत नाहीत, जीपीए शून्यापासून सुरू होतो.

अर्ज करण्याआधी प्रवेश कार्यालयाला ईमेलनं एकच प्रश्न विचारा: पहिलं वर्ष दोन वर्षांपूर्वी झालेलं चालेल का? काही ठिकाणी बदली नुकतंच पहिलं वर्ष संपवलेल्यांसाठीच असते. अंतिम तारखा बहुतेक जून-जुलैत येतात. लॉ स्कूलची आणि मास्टर्सची, अशा दोन्ही ट्रान्सक्रिप्ट लागतील. बीए-बीकॉम मुंबई किंवा पुण्याचं असेल तर तिथली ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडून थेट एलसॅककडे जावी लागते. एलसॅकच्या कागदपत्र-सेवेची (सीएएस) नोंदणी पाच वर्षांनी संपते, ती चालू आहे का बघा. निबंधात ‘जुन्याच ठिकाणी परत का नाही’ याचं उत्तर हवंच. मास्टर्समुळे कायद्याची कोणती शाखा निवडली आणि ती शिकायची सोय तिथे नाही, हे चार ओळींत सांगा. जुन्या स्कूलची उणीदुणी काढू नका.

शिस्तभंग, अटक, ट्रॅफिक तिकिटं यांबद्दलची उत्तरं जुन्या अर्जाशी ताडून बघा. बार परीक्षेच्या (वकिलीच्या परवान्याची परीक्षा) वेळी चारित्र्यतपासणीत लॉ स्कूलचे अर्ज पाहिले जातात, आणि मूळ तिकिटापेक्षा ते लपवलेलं जास्त महागात पडतं. पहिल्या अर्जात काही राहिलं असेल तर आत्ताच तिथे दुरुस्ती कळवा.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल तर मास्टर्स संपल्यावर ६० दिवसांच्या आत सेव्हिस रेकॉर्डच्या (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद) बदलीची विनंती करा. ओपीटी (शिक्षणानंतर काम करण्याची तात्पुरती परवानगी) घेतली नसेल तर नवा अभ्यासक्रम पाच महिन्यांत सुरू व्हावा लागतो. मास्टर्स मेमध्ये संपली तर ऑगस्ट गाठता येतो. डिसेंबरमध्ये संपली तर नाही, आणि बदलीचे प्रवेश मुख्यतः ऑगस्टचेच. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाशी हे मास्टर्सचं शेवटचं सत्र सुरू होण्याआधी बोला.

प्रवेश मिळाला की डिपॉझिट भरण्यापूर्वी कोणती क्रेडिट्स धरली याची यादी लेखी मागा. बदलीच्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती क्वचितच मिळते, तोही आकडा त्याच वेळी विचारा. जुन्या स्कूलला ‘येत नाही’ हे या दोन्ही गोष्टी हातात पडल्यावरच कळवा.