दुधाचा दात काढण्यापूर्वी

मुलाचा दात हलू लागला की घरात दोरा शोधला जातो. दोऱ्याचे एक टोक दाताला, दुसरे दाराच्या कडीला, आणि मग कोणीतरी दार आपटायचे, हा प्रयोग ठाण्याच्या नौपाड्यातल्या जुन्या चाळींपासून नवी मुंबईतल्या घणसोलीच्या टॉवरपर्यंत अजून होतो. त्यात धोका आहे, कारण दुधाच्या दाताचे मूळ खालून वर येणाऱ्या पक्क्या दातामुळे हळूहळू विरघळत जाते आणि ते पुरते विरघळण्याआधीच झटका दिला, तर मूळ मोडून आत राहते किंवा हिरडी फाटते.

म्हणून आधी दात तयार झाला आहे का, ते पाहावे. मुलाला जिभेने दात पुढे, मागे आणि बाजूला ढकलायला सांगावे. तो सगळीकडे सहज कलत असेल आणि दुखत नसेल, तर हात स्वच्छ धुऊन, निर्जंतुक गॉजच्या तुकड्यात दात धरून हलका पीळ द्यावा. एवढ्याने निघाला नाही, तर तिथेच थांबावे. निघाल्यावर ओला केलेला गॉज दहा-पंधरा मिनिटे दातांखाली घट्ट दाबून धरायला लावावा आणि मध्ये मध्ये उचलून पाहू नये. सारखी चूळ भरल्याने रक्ताची गुठळी सुटते. दुखले तरी ॲस्पिरिन मुळीच देऊ नये. बाकी, दात उंदराला द्यायला टॉवरमध्ये कौले नसतात, तिथे तुळशीची कुंडी चालते; त्या प्रथेने कोणाचे काही बिघडत नाही.

खालचे पुढचे दात साधारण सहाव्या-सातव्या वर्षी पडतात, सुळे आणि दाढा मात्र दहा ते बारा वर्षांपर्यंत टिकतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत मागे जी दाढ येते ती पक्की असते; तिच्या जागी पुन्हा काही येत नाही, हे अनेक पालकांना ठाऊक नसते. दुधाच्या दातामागे पक्का दात उगवलेला दिसला, तर घाबरू नये, कारण जीभ त्याला बहुधा पुढे ढकलते. पण दुधाचा दात हलतच नसेल, तर तो दंतवैद्याला दाखवावा. किडलेली दाढ ‘दुधाचीच तर आहे’ म्हणून लवकर काढून टाकली, तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि पक्क्या दाताची वाट अडते. अशा वेळी जागा राखणारी तार बसवावी लागते.

खरी काळजी तान्ह्या बाळाची. काही बाळे जन्मतःच खालचा एखादा दात घेऊन येतात. घरात लगेच अपशकुनाची कुजबुज सुरू होते. वरचे दात आधी आले तर मामाला वाईट, असेही म्हणतात. अशा वेळी मालीशवालीने किंवा आजीने नखाने दात उपटू नये. तो बहुतेक वेळा ज्यादा नसून नेहमीच्या वीस दातांपैकीच एक असतो. फार सैल असेल, तर श्वासनलिकेत जाण्याची भीती असते, म्हणून डॉक्टर तो काढतात. पण नवजात बाळात जीवनसत्त्व के कमी असल्याने रक्त थांबायला वेळ लागू शकतो, आणि म्हणूनच जन्मल्यावर ते इंजेक्शन दिले होते का, हे आधी तपासले जाते.

हा उपटण्याचा हट्ट कुठवर जातो, ते पूर्व आफ्रिकेत दिसते. इथिओपिया, युगांडा, केनिया, टांझानिया या देशांतील काही समाजांत बाळाच्या जुलाबाचे आणि तापाचे कारण हिरडीतले फुगलेले सुळे मानले जातात आणि ते अजून उगवलेले नसतानाच सायकलच्या स्पोकने किंवा चाकूने कोरून काढले जातात. यातून रक्तस्राव, धनुर्वात, रक्तात पसरणारा जंतुसंसर्ग होतो, काही बाळे दगावतात. जी वाचतात त्यांचे पक्के सुळे वेडेवाकडे येतात किंवा येतच नाहीत. जुलाब मात्र तसेच राहतात, कारण त्यांचे मूळ दूषित पाण्यात आणि तोंडात जाणाऱ्या घाणीत असते.

आपल्याकडेही ‘दात येताहेत’ म्हणून जुलाब आणि ताप अंगावर काढले जातात. दात येताना लाळ गळते, बाळ चिडचिडते, फार तर अंग किंचित कोमट लागते. ३८ अंश सेल्सियसच्या वर ताप गेला किंवा पातळ शौच होऊ लागले, तर ओआरएस सुरू करून बालरोगतज्ज्ञांकडे जावे. हिरडीवर लवंगेचे तेल चोळू नये, त्याने ती पोळते. हिरडी बधिर करणारे बेंझोकेन असलेले जेल तर दोन वर्षांखालील मुलांना लावूच नये.

दात दाखवायचा असेल, तर नवी मुंबईत नेरूळ आणि खारघर येथील दंत महाविद्यालयांत मुलांच्या दातांचा वेगळा विभाग असतो. तिथे जाताना लसीकरणाचे कार्ड न्यावे, आणि घरात कोणाला जखमेतून रक्त लवकर न थांबण्याचा त्रास असेल, तर तो न विचारताही सांगावा.