डीप फ्रीजरच्या भिंतीवरचा बर्फ हातानं सुटेल असा सिलिकॉनचा लेप कसा द्यायचा

शहापुरात आमचं आईस्क्रीमचं दुकान आहे. जुलैत खानापूरकडनं पावसाची झड लागली की झाकण उघडेल तेवढ्या वेळा ओली हवा फ्रीजरात शिरते आणि आठवड्यात भिंतीवर बोटभर बर्फ. मग जो तो सल्ला देतो, ग्लिसरीन लावा, मीठ लावा. नका लावू बघा. ग्लिसरीन पाण्यात विरघळतं, पहिल्याच डिफ्रॉस्टला वाहून जातं, आणि मिठानं पत्रा गंजतो. सुरी, स्क्रूड्रायव्हर तर अजिबात नको, गॅसची नळी त्या पत्र्याच्या पाठीमागंच असते आणि हल्ली बऱ्याच फ्रीजरमध्ये आयसोब्युटेन असतो, तो पेट घेतो.

पाणी घरंगळवणारे 'नॅनो' स्प्रे पण घेऊ नका. अळवाच्या पानावर थेंब पळतो हे खरं, पण फ्रीजरात पाणी थेंबानं येत नाही, वाफेनं येतं, त्या खडबडीत थराच्या खाचांत शिरून गोठतं आणि उलट घट्ट बसतं. 2011 साली हार्वर्डमध्ये जोआना आयझेनबर्ग यांच्या गटानं घटपर्णी या किडे पकडणाऱ्या झाडावरनं धडा घेऊन तेल धरून ठेवणारा निसरडा पृष्ठभाग केला, आणि 2016 ला मिशिगन विद्यापीठात अनिश तुतेजा यांच्या गटानं दाखवलं की मऊ रबरावरनं बर्फ सहज निसटतो, कारण ढकललं की रबर दबतं आणि कडक बर्फ दबत नाही. आपण करतोय ते त्याच वाटेनं. बर्फ धरायचा थांबत नाही, पकड सुटते.

फूड-ग्रेड, प्लॅटिनम-क्युअर, म्हणजे प्लॅटिनममुळं घट्ट होणारं, दोन भाग मिसळून लावायचं सिलिकॉन घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं ट्यूबमधलं नको, त्यातलं आम्ल पत्रा खातं. 100 ग्रॅम सिलिकॉनला 20 ग्रॅम फूड-ग्रेड सिलिकॉन तेल, वजन करूनच. फ्रीजर बंद, कोरडा, खोलीइतका गरम झालेला, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसलेला.

आता प्रायमर, म्हणजे लेप पत्र्याला धरावा म्हणून आधी लावायचा हात. माझे दोन फ्रीजर इथंच वाया गेले म्हणून नीट सांगतो. सिलिकॉनला बर्फ चिकटत नाही तसं सिलिकॉनही पत्र्याला चिकटत नाही. पहिल्यांदा मी प्रायमरच लावला नाही, एवढं गुळगुळीत बसलंय म्हणून खूश होतो, आणि महिन्याभरात बर्फ ओढला तर दुधावरची साय निघावी तसा अख्खा लेप बर्फाबरोबर हातात आला. दुसऱ्यांदा भीतीपोटी प्रायमर दोन हात फासला, तो वाळून खडूसारखा पांढरा झाला आणि लेप त्या भुकटीवर बसला, तोही गेला. प्रायमर म्हणजे रंग नव्हे हो, फडक्यानं पुसल्यासारखा एकच पातळ हात, वर जेमतेम धुरकट छटा दिसली की पुरे, आणि पांढरं साचलं तर पुसून परत. सिलिकॉनसाठीचाच प्रायमर, आणि त्याच्या डब्यावर लिहिलाय तेवढा वेळ वाळू द्या, खिडक्या उघड्या ठेवून.

हातमोजे लेटेक्सचे घालू नका, नायट्राइलचे घ्या. लेटेक्समधल्या गंधकानं प्लॅटिनम मरतं. मी मेडिकलातले साधे मोजे घातले होते, दोन दिवसांनी बघतोय तर बोटं लागली तिथं काकवीसारखा चिकट, तो वाळतच नाही कधी, खरवडूनच काढावा लागला. म्हणून आधी पत्र्याच्या तुकड्यावर प्रायमर आणि लेप लावून रात्रभर ठेवा, सकाळी नखानं कडा उचलून बघा. उचलली गेली तर फ्रीजरला हात लावू नका.

लेप ब्रशनं, अर्धा मिलिमीटर. फार पातळ झाला तर रबराला दबायला जागाच राहत नाही. थर्मोस्टॅटचा सेन्सर आणि झाकणाचा रबरी पट्टा सोडून द्या. एक दिवस, एक रात्र उघडा ठेवा, मग चालू करा.

बर्फ साचला की फ्रीजर दहा मिनिटं बंद करून तळहातानं ढकला, पापुद्रे निसटतात, नाहीच तर लाकडी उलथनं. आत पॅकबंद माल नाहीतर झाकणाचे डबेच ठेवा. कुठं कोपरा उचलला तर तेवढाच कापून, पुसून, उघड्या पत्र्याला प्रायमर लावून तेच सिलिकॉन भरा, दुसरा कुठलाच रंग किंवा गोंद त्यावर धरत नाही.