घरचा कॉम्प्युटर शांत हवा? मग या चुका टाळा

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या आमच्या घरी रात्री अकरानंतरच खरी शांतता मिळते. गल्लीतली शेवटची मोटरसायकल आत गेली की ताई तानपुरा लावते आणि दुसऱ्या दिवशीच्या शिकवणीसाठी बंदिश रेकॉर्ड करते. तिची पट्टी काळी पाच, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीचा सा. मी तिला नवा कॉम्प्युटर जोडून दिला, तेव्हा पहिल्याच रात्री तिनं विचारलं, "खर्जाच्या तारेजवळ हे काय थरथरतंय रे?" मला काहीच ऐकू येत नव्हतं. हेडफोन लावून तीनदा ऐकल्यावर कुठं कळलं.

आवाज हार्ड डिस्कचा होता. ७२०० आरपीएमची डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. तिच्या थरथरीचा सूर त्यामुळे १२० हर्ट्झवर बसतो. काळी पाचच्या तानपुऱ्याचा खर्ज येतो साधारण ११६.५ हर्ट्झवर. इतके जवळचे दोन सूर एकत्र वाजले की आवाज हेलकावतो; इथं दोन्हींत साडेतीन हर्ट्झचं अंतर, म्हणून सेकंदाला तीन-चार हेलकावे. बाजारात नेऊन विचारलं असतं तर "पंखे बदला" एवढंच उत्तर मिळालं असतं, आणि पंखे बदलूनही तो हेलकावा तसाच राहिला असता. शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना ज्या गावात दरबारी गायक म्हणून ठेवून घेतलं, त्या गावात असा कान तयार असलेली माणसं अजून आहेत. त्यांच्यासाठी मशीन जोडायचं तर आधी आपला कान लावावा लागतो.

न ऐकताच खरेदी

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. मशीन घरघरतं म्हणून लोक प्रोसेसर थंड ठेवणारा नवा कूलर किंवा लिक्विड कूलर थेट घेऊन येतात. आवाज कुठून येतोय हे शोधायला पंधरा मिनिटं लागतात आणि पैसे लागत नाहीत.

खोलीतला पंखा बंद करा. जाड कागदाची सुरळी करून एक टोक कानाला लावा आणि दुसरं कॅबिनेटभोवती हळूहळू फिरवा. मग बाजूच्या पत्र्यावर तळहात दाबून धरा. गुणगुण थांबली तर दोष पत्र्याचा आणि त्याला हलवणाऱ्या डिस्कचा किंवा पंख्याचा. तरीही कळलं नाही तर मशीन बंद करून कॅबिनेटच्या एका पंख्याची पिन काढा, मशीन सुरू करा, ऐका. एकेका पंख्याचं असं करा. प्रोसेसरच्या पंख्याची पिन मात्र काढू नका. ती काढली की बरेच मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर जोडतात तो मुख्य बोर्ड) सुरू होतानाच अडून बसतात, आणि ते बरोबरच करतात. मोबाईलवरच्या आवाज मोजणाऱ्या ॲपचा आकडा खरा धरू नका. पण फोन त्याच जागी ठेवून आधीचा आणि नंतरचा आकडा ताडून बघायला ते उपयोगी पडतं.

आवाजाची जातही ओळखायला शिका. "टिक टिक टिक" असेल आणि पंख्याच्या वेगाबरोबर बदलत असेल, तर एखादी वायर पात्याला घासतेय. सुरू होताना खरखर आणि पाच मिनिटांनी गप्प, हे बेअरिंग म्हातारं झाल्याचं लक्षण. त्यात शिलाई मशीनचं तेल सोडलं तर थोडे दिवस निघतात, मग पुन्हा तेच. पंखा बदलणंच बरं. हार्ड डिस्कमधून "कट्-कट्" येत असेल तर आवाजाचा विचार नंतर, आधी त्यातला डेटा दुसरीकडे उतरवून घ्या.

दिव्यांचे पंखे

कॅबिनेटबरोबर रंगीत दिव्यांचे तीन-चार पंखे "फ्री" मिळतात. त्यांतल्या बऱ्याच पंख्यांना मदरबोर्डची पिन नसतेच. ते थेट एसएमपीएसच्या (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) चार पिनांच्या जाड कनेक्टरला जोडायचे असतात. तिथं त्यांना कायम १२ व्होल्ट मिळतात आणि ते कायम पूर्ण वेगानं फिरतात, मशीनवर नुसतं घड्याळ आणि कॅलेंडर उघडं असलं तरीही. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, कितीही बदल करा, या पंख्यांपर्यंत काही पोचत नाही. मी असे तीन पंखे काढून १२० मिलिमीटरचे चार पिनांचे दोन पंखे बसवले, एक पुढून आत हवा घेणारा आणि एक मागून बाहेर टाकणारा. ताईच्या मशीनला तेवढे पुरतात.

इथं एक हिशेब ध्यानात ठेवण्यासारखा आहे. सारखाच आवाज करणारा आणखी एक पंखा लावला तर आवाज सुमारे ३ डेसिबलनी वाढतो. पण त्याच पंख्याचा वेग मिनिटाला १२०० फेऱ्यांवरून ६०० वर आणला तर आवाज साधारण १५ डेसिबलनी उतरतो आणि हवा निम्मी होते. म्हणून दोन पंखे हळू फिरवणं हे एक पंखा जोरात फिरवण्यापेक्षा केव्हाही शांत. जागा असेल तर १४० मिलिमीटरचा पंखा घ्या, तो कमी वेगात तेवढीच हवा ढकलतो.

तीन पिनांचा पंखा चार पिनांच्या जागी बसतो आणि फिरतोही, त्यामुळे इथं हमखास फसगत होते. चौथी पिन वेगाचा इशारा देते. तीन पिनांच्या पंख्याला तो इशारा कळत नाही, त्याचा वेग व्होल्टेज कमी करूनच कमी होतो. बायोसमध्ये त्या पिनेपुढे "पीडब्ल्यूएम" निवडलेलं असेल तर पंखा सतत पळत राहतो. तिथं "डीसी" निवडा. माझ्या शेजारच्या काकांनी याच एका कारणानं दोन वर्षं कॉम्प्युटर हॉलमधून गॅलरीत नेऊन ठेवला होता.

वर-खाली होणारा आवाज

एकसारखा आवाज कानाला सवयीचा होतो. चढणारा-उतरणारा होत नाही. एखादी वेबसाइट उघडली की प्रोसेसरचं तापमान क्षणात दहा-पंधरा अंश उडी मारतं आणि लगेच खाली येतं. पंखा त्याच्यामागे धावतो, म्हणून "ऊंऽऽ" करून वर जातो आणि पुन्हा बसतो. यात बिघाड काहीच नसतो, बायोसमधली पंख्याची रेघ, म्हणजे किती तापमानाला किती वेग ते ठरवणारा आलेख, फार उभी असते एवढंच.

मी ती अशी ठेवतो: ६० अंशांपर्यंत पंखा ३५ टक्क्यांवर सपाट, मग ८० अंशांना ७० टक्के, आणि ९० ला पूर्ण. शिवाय पंखा किती सेकंद थांबून वेग बदलेल, हे ठरवायची सोय बहुतेक बायोसमध्ये असते. ती चार-पाच सेकंदांवर न्या. कूलरचं धातूचं अंग तापायला वेळ लागतो, तेवढ्यानं प्रोसेसरला काही होत नाही.

तापमानाला घाबरून पंखा पळवणारे खूप भेटतात. आजच्या बहुतेक प्रोसेसरांची कमाल मर्यादा ९० ते १०० अंशांच्या आसपास असते. काम करताना ७५ दिसलं म्हणून हवालदिल होऊ नका. परदेशी चाचण्यांतले आकडे एसी खोलीतले, २१ ते २५ अंशांतले असतात. कोल्हापुरात एप्रिल-मेच्या दुपारी खोली ३६ अंशांवर असेल तर तो बारा-पंधरा अंशांचा फरक प्रोसेसरच्या आकड्यात जवळजवळ जसाच्या तसा मिळतो. तिथले ६५ ते इथले ७७ किंवा त्याहून थोडे जास्त. थंडीत सपाट ठेवलेली रेघ मेमध्ये एकदा तपासून घ्या.

उष्णताच कमी विकत घ्या

हे मला सगळ्यात उशिरा उमगलं. उष्णता कमी तर हवा कमी लागते आणि हवा कमी तर आवाज कमी. गाणं रेकॉर्ड करायला, पोरांच्या अभ्यासाला, बिलं करायला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. ६५ वॅटचा, आतच ग्राफिक्स असलेला प्रोसेसर भरपूर होतो. फक्त इंटेलचा घेताना नावाच्या शेवटी "एफ" नाही ना ते पाहा. त्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतं, आणि थोडे पैसे वाचवायला जाऊन मग कार्ड घ्यावं लागतं, म्हणजे आणखी एक-दोन पंखे आले.

एसएमपीएसचंही तसंच. मशीनला १०० वॅट हवे असतील आणि एसएमपीएस ७० टक्के कार्यक्षम असेल, तर तो भिंतीतून १४३ वॅट ओढतो, त्यातले ४३ त्याच्याच पोटात तापतात. ८५ टक्क्यांचा असेल तर फक्त १८ तापतात. कॅबिनेटबरोबर येणारा फुकटचा एसएमपीएस म्हणूनच घरघरतो. ८० प्लसचा (कार्यक्षमतेचा) शिक्का असलेला चांगल्या कंपनीचा घ्या. या एका वस्तूत काटकसर करू नका, कारण तो गेला तर सोबत बोर्डही नेऊ शकतो.

टेबलाच्या कप्प्यात कोंडलेलं मशीन

कॉम्प्युटर टेबलाला कॅबिनेटसाठी दाराचा कप्पा असतो. मागं प्लाय, पुढं दार. मशीन स्वतःचीच गरम हवा पुन्हा आत ओढत राहतं. दार लावलं की आधी आवाज दबतो आणि अर्ध्या तासानं दुप्पट होऊन बाहेर येतो. पुढं काच असलेल्या देखण्या कॅबिनेटचंही हेच होतं. जाळीचं तोंड असलेलं साधं कॅबिनेट बहुतेक वेळा जास्त शांत असतं.

टेबलावर मशीन ठेवू नका, विशेषतः त्याच टेबलावर माइक असेल तर. लाकूड थरथर माइकच्या स्टँडपर्यंत पोचवतं. आमचं मशीन खाली पाटावर आहे, पाटाखाली जुना माउसपॅड चार तुकडे करून घातलाय. सतरंजीवर थेट ठेवलं तर एसएमपीएसचा खालचा पंखा गुदमरतो. माइक एका दिशेनं ऐकणारा असेल तर मशीन बरोबर त्याच्या पाठीमागं येऊ द्या. आणि वायर पुरत असेल तर लांब न्या. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज ६ डेसिबलनी कमी होतो, खोलीत भिंतींमुळे थोडा कमी फरक पडतो.

त्या हार्ड डिस्कचं काय केलं? कामाच्या सगळ्या फाइली एसएसडीवर, म्हणजे फिरता भाग नसलेल्या डिस्कवर घेतल्या, तिला आवाजच नसतो. जुनी रेकॉर्डिंग असलेली डिस्क ठेवायची होती, म्हणून पंक्चरवाल्याकडून सायकलची टाकाऊ ट्यूब आणली, तिच्या पट्ट्या डिस्क आणि पत्र्याच्या मध्ये घातल्या आणि स्क्रू करकचून आवळले नाहीत. त्या रात्री ताईनं दोन मिनिटं नुसता तानपुरा रेकॉर्ड केला आणि खर्ज मोकळा झाला म्हणाली.

धूळ, राख आणि कॉम्प्रेसर

कोल्हापूरच्या धुळीचं स्वतःचं वेळापत्रक आहे. उसाच्या हंगामात पाचट जाळल्याची काळी राख उडत येते. चटणी करायच्या दिवसांत तेलकट थर बसतो, आणि त्यावर बसलेली धूळ नुसत्या फुंकरीनं निघत नाही. देवघराजवळ मशीन असेल तर उदबत्तीचा धूरही जाळीत अडकतो. पुढची जाळी महिन्याला, आतली साफसफाई वर्षातून दोनदा, असा माझा नेम आहे.

पण साफ करायला मशीन गॅरेजमध्ये नेऊन कॉम्प्रेसरची हवा मारू नका. त्या हवेला दाब फार असतो आणि टाकीतलं पाणीही तिच्याबरोबर येतं. घरचा छोटा ब्लोअर बास. हवा मारताना पात्याला बोट लावून धरा. पंखा हवेनं भन्नाट फिरला की बेअरिंग खिळखिळं होतं, आणि साफ केल्यापासूनच आवाज वाढल्याची तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते.

प्रोसेसर आणि कूलरच्या मधली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलायला कूलर काढणार असाल तर एएमडी कंपनीच्या प्रोसेसरांच्या एएम४ जातीच्या बोर्डवर जपून. पेस्ट सुकलेली असते आणि कूलर सरळ ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून सोबत येतो, पिना वाकतात. आधी दहा मिनिटं मशीन चालवून कोमट करा, बंद करा, मग कूलर डावी-उजवीकडे हलकेच पिळत काढा. नवा कूलर बसवताना त्याच्या तळाचं पारदर्शक प्लॅस्टिक काढलंय ना, हे दोनदा बघा. सगळं जोडून झाल्यावर पडद्यावर काहीच आलं नाही तर घाबरू नका, रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरानं पुसा आणि दोन्हीकडून "टक" होईपर्यंत बसवा. पावसाळ्यात तर मी आधी हेच करतो.

जो आवाज पंख्याचा नाहीच

रेकॉर्डिंगमध्ये घूंऽऽ ऐकू येतं, पण खोलीत कान लावला तर काहीच नाही. मग ती वीज आहे. पेठांतल्या जुन्या घरांत अर्थिंग नसतं किंवा नावाला असतं. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर वायरमनला बोलवा, आधी जिवासाठी आणि मग आवाजासाठी. कॅबिनेटच्या पुढच्या माइकच्या भोकात आतल्या वायरींची कुजबुज शिरते, त्यामुळे यूएसबी माइक किंवा यूएसबी साउंड कार्ड वापरलेलं बरं. वीज गेल्यावर स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर छताचा पंखा गुणगुणतो तसे काही एसएमपीएसही गुणगुणतात. त्या वेळी आम्ही रेकॉर्डिंग थांबवतो.

गेम सुरू केल्यावर ग्राफिक्स कार्डातून बारीक किर्रर्र येत असेल तर ती कार्डावरच्या कॉइलची थरथर. कार्ड खराब नसतं. सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम (चित्रं) मॉनिटरच्या वेगाइतक्याच मर्यादित करा, बहुतेक वेळा किरकिर बसते. भाच्याच्या मशीनवर ६० फ्रेमची मर्यादा घातल्यावर ती पूर्ण गेली नाही, पण दार लावलं की शेजारच्या खोलीत ताईला रियाज करता येतो.