नोकरीसाठी जर्मनीत आलात? या चुका टाळा, सुरुवात टपालपेटीपासून

श्टुटगार्टमधला माझा पहिला पगार जमा झाला तेव्हा वाटलं, कुणा दुसऱ्याचीच पे-स्लिप आपल्याकडे आली. जर्मनीत कापाकापी जबर असते हे ऐकून होतो, पण इतकी? स्लिपवर कर वर्ग 6 छापला होता, म्हणजे सगळ्यांत जास्त कापाकापीचा. एकट्या माणसाला वर्ग 1 लागतो. सहावा असतो दुसऱ्या नोकरीसाठी, आणि तुमचा कर क्रमांक कंपनीला मिळाला नाही तरी तोच लागू शकतो.

माझा क्रमांक टपालानं आला होता आणि तसाच परत गेला होता. आपल्याकडे पत्ता म्हणजे विंग, फ्लॅट नंबर, वर 'मारुती मंदिरासमोर'. इथे पत्त्यात फ्लॅट नंबर बहुधा नसतोच. पोस्टमन पेटीवरचं आडनाव बघतो, आणि माझ्या पेटीवर जुन्या भाडेकरूचं नाव तसंच होतं. म्हणून किल्ली हातात पडेल त्याच दिवशी पेटीवर आणि बेलवर आडनाव लावा. कागदाची पट्टी आणि सेलोटेप चालते. पत्र हरवलंच असेल तर क्रमांक पुन्हा मागवता येतो, आणि जास्तीचा कापलेला कर पुढच्या पगारात किंवा रिटर्न भरल्यावर परत मिळतो. मला मिळाला, पण ते दोन महिने मी डाळ-भातावर काढले.

नावाचीच आणखी एक गंमत. पासपोर्टात तुमच्या नावाला जोडून वडिलांचं नाव असेल, तर ते प्रत्येक फॉर्मवर लिहा. बँकेत लिहिलं आणि विम्याच्या फॉर्मवर गाळलं, की तुमची दोन माणसं होतात.

घर घेताना

राहायला गेल्यापासून 14 दिवसांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, करावी लागते. त्याशिवाय कर क्रमांक मिळत नाही. नोंदणीला नुसता भाडेकरार पुरत नाही, घरमालकाच्या सहीचा वेगळा दाखला लागतो. सुरुवातीला तात्पुरती खोली घेणारे इथेच अडकतात. पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारा: इथे आनमेल्डुंग होईल का? मालकानं उत्तर टाळलं तर खोली सोडा.

'किचन नाही' असं जाहिरातीत लिहिलं असेल तर ते शब्दशः घ्या. भिंतीतून आलेले पाण्याचे पाइप आणि शेगडीची वायर, बस्स. सिंकसुद्धा नसतं. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं (हीटिंग-पाणी धरून नव्हे), आणि ते तीन हप्त्यांत द्यायचा हक्क कायद्यानंच दिलाय.

थंडीत खिडकी दिवसभर तिरकी उघडी ठेवू नका. घर गारठतं, भिंतींवर बुरशी धरते, आणि ती मग डिपॉझिटमधून वसूल होते. दिवसातून दोन-तीनदा खिडक्या सताड उघडा, पाच-दहा मिनिटांत बंद करा. फोडणीनंतर तर नक्कीच, नाहीतर मोहरी तडतडायची आणि पॅसेजमधला धुराचा अलार्म बोंबलायचा.

तिसऱ्या आठवड्यात माझ्या दाराच्या मुठीला कुणीतरी लाकडी पाटी अडकवून गेलं. 'केअरवोखं' अशी जर्मन अक्षरं. काहीतरी शोभेची वस्तू चुकून आली असेल म्हणून मी ती सरळ समोरच्या दाराला लावली. संध्याकाळी समोरच्या आजी पाटी घेऊन हजर. आठवडाभर जिना आणि पॅसेज झाडायची पाळी माझी होती! या भागातली ही जुनी रीत, आणि बऱ्याच भाडेकरारांत ती लिहिलेलीही असते. जर्मनमधला करार कंटाळा न करता भाषांतर करून वाचा.

ऑफिसात

'बघतो, होऊन जाईल' हे आपलं पालुपद इथे वचन ठरतं. मी मीटिंगमध्ये सहज म्हणालो आणि सहकाऱ्यानं ते तारखेसकट लिहून घेतलं. जमणार नसेल तर तिथेच सांगा, कुणी रागावत नाही. शुक्रवारी संध्याकाळी कळवलंत तर मात्र रागावतात. प्रोबेशन सहसा सहा महिन्यांचं असतं आणि त्या काळात दोन आठवड्यांच्या नोटिसवर नोकरी जाऊ शकते.

आजारी पडलात तर कामाची वेळ सुरू व्हायच्या आत कळवा. आजारपण तीन दिवसांपुढे गेलं की चौथ्या दिवशी डॉक्टरचा दाखला हवाच. काही कंपन्या पहिल्याच दिवशी मागतात, करार बघा.

तारखा

भारतीय लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून सहाच महिने गाडी चालवता येते, पुढे लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा. व्हिसा संपायच्या आत रेसिडेन्स परमिटचा अर्ज गेला पाहिजे. अपॉइंटमेंट महिनोन्‌महिने मिळत नाही, त्यामुळे आल्याआल्याच मागे लागा.

आणि पिवळा लिफाफा, म्हणजे कोर्टाची किंवा सरकारी खात्याची अधिकृत नोटीस. त्यावर पोस्टमन तारीख लिहून तो पेटीत टाकतो आणि मुदत त्या तारखेपासून मोजली जाते, तुम्ही उघडला त्या दिवसापासून नाही. वेगाच्या दंडावर हरकत घ्यायला दोनच आठवडे असतात. तेवढ्यात तुम्ही दिवाळीला पुण्यात असाल तर? मी जाताना पेटीची किल्ली समोरच्या आजींकडे देऊन जातो. त्या पिवळ्या लिफाफ्याचा फोटो पाठवतात, आणि परत आल्यावर त्यांच्या पाळीचा जिना मी झाडतो.