बल कमी दिसलं म्हणून खूश होऊ नका

मेकॅनिकलवाल्यांपैकी ज्यांनी सिरॅमिकच्या मशिनिंगवर एमटेकचा प्रोजेक्ट घेतलाय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी स्टीलचं टर्निंग (लेथवरचं कातकाम) शिकून आलो होतो. चिपचं, म्हणजे कापताना निघणाऱ्या किसाचं, क्षेत्रफळ गुणिले एक स्थिरांक म्हणजे बल, एवढं पाठ होतं. अॅल्युमिना या सिरॅमिकच्या ग्राइंडिंगने, म्हणजे हिऱ्याचे कण बसवलेल्या फिरत्या चाकाने घासून कापण्याने, पहिल्याच महिन्यात ते विसरायला लावलं.

डायनॅमोमीटरच्या (बल मोजणाऱ्या उपकरणाच्या) आलेखात बल मध्येच खाली आलं आणि मी मार्गदर्शकांना आनंदाने दाखवायला गेलो. लॅबमधले काका म्हणाले, "आधी कड बघ." भिंगाखाली तुकड्याच्या कडेला नखाएवढा टवका उडालेला. पदार्थ तडकून तुकड्यांनी निघाला की ऊर्जा कमी लागते, म्हणून बल उतरतं. आलेख खूश, तुकडा वाया.

दुसरा गोंधळ खोलीचा. मशीनवर कापाची खोली 10 मायक्रॉन लावली म्हणजे प्रत्येक हिऱ्याचा कण तेवढा खोल जातो असं नाही. 200 मिमीचं चाक, परिघावर वेग सेकंदाला 30 मीटर, टेबल मिनिटाला 6 मीटर, चौरस मिलिमीटरला 10 कापणारे कण धरले तर एका कणाची चिप जेमतेम 1 मायक्रॉन जाडीची येते. पण बिफानो आणि सहकाऱ्यांच्या 1991 च्या सूत्रात अॅल्युमिनाचे नेहमीचे आकडे (लवचिकता गुणांक 380 आणि कठिनता 18 गिगापास्कल, भंगरोध म्हणजे तडा पसरायला होणारा विरोध 4 मेगापास्कल-वर्गमूळ मीटर) घाला, न तडकता कापण्याची मर्यादा सुमारे 0.16 मायक्रॉन निघते. म्हणजे आपण सहापट वर! मी मशीनवरची खोली कमी करत बसलो होतो, आणि ती सोळा पट उतरवली तरी चिप निम्मीच होते. टेबलाचा वेग चौथाई केला की तेच काम होतं. हे कळायला मला दोन महिने लागले.

कणांची ती 10 ही संख्या मात्र कुणी आयती देत नाही. चाकाच्या पृष्ठभागाचे फोटो काढून कण मोजा, ड्रेसिंगनंतर (चाक घासून पुन्हा धारदार केल्यावर) पुन्हा मोजा. कंटाळवाणं आहे, पण मॉडेल सगळं त्यावरच उभं.

बोथट चाक तर वेगळीच डोकेदुखी. लंब दिशेचं बल स्पर्शरेषीय बलाच्या कितीतरी पट चढतं. मी आलेखात शोधायच्या आधी काका आवाजावरूनच सांगायचे, "काडी लाव रे." मग चाकाला ड्रेसिंगची काडी लावायची, डायनॅमोमीटर शून्यावर आणायचा आणि सगळं पहिल्यापासून.