कोलोनियाला एक रात्र तरी राहा: छोट्या सहलीची आखणी कशी करावी

अर्जेंटिनाच्या राजधानीला, ब्वेनोस आइरेसला, गेलेली मंडळी बहुधा एका दिवसात कोलोनिया उरकतात. सकाळची बोट, दुपारी फोटो, संध्याकाळी परत. जमतं तसंही. पण उरुग्वेतलं हे गाव (पूर्ण नाव कोलोनिया देल साक्रामेंतो) निवांत सापडतं ते ही सगळी गर्दी परतीच्या बोटीत बसल्यावर. म्हणून आखणी एका मुक्कामाची करा.

सुरुवात कागदपत्रांपासून. बोट सव्वा तासाचीच असली तरी मध्ये देशाची सरहद्द आहे. उरुग्वेच्या प्रवेशाचे नियम वेगळे, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर काय लागतं ते त्यांच्या दूतावासाकडूनच विचारून घ्या. आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते: अर्जेंटिनातून बाहेर पडून पुन्हा आत यायचंय, तेव्हा तिथला व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे ना, हे बघा. नाहीतर पलीकडे जाल आणि परत येताना अडकाल.

पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्या. उरुग्वेसाठी नव्हे, घरी परतण्यासाठी. दक्षिण अमेरिकेतल्या ठरावीक देशांतून येणाऱ्यांकडे भारतात उतरताना या लशीचा पिवळा दाखला मागतात. नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात.

आता तारीख. तिथले ऋतू आपल्या उलटे. जानेवारी-फेब्रुवारीत ऐन उन्हाळा आणि शाळांना सुट्ट्या, म्हणजे गर्दी. आपल्या दिवाळीच्या सुट्टीत तिथे वसंत असतो. माझं मत विचाराल तर तेव्हाच जावं. शनिवार-रविवार टाळा. मधल्या वारी बोटही स्वस्त पडते आणि खोलीही.

बोटीचं तिकीट आधीच काढा आणि विमानाला जातो तशा बेताने धक्क्यावर पोहोचा. अर्जेंटिनाची बाहेर पडण्याची आणि उरुग्वेची आत येण्याची, दोन्ही तपासण्या ब्वेनोस आइरेसच्या धक्क्यावरच होतात, त्यामुळे पलीकडे उतरलं की सरळ चालायला लागायचं. खाली दिसणारी रिओ दे ला प्लाता नदी समुद्राएवढी रुंद, पण पाणी आपल्या पावसाळ्यातल्या नदीसारखं गढूळ. जुनी वस्ती धक्क्यापासून दहा-पंधरा मिनिटांवर. चाकांची मोठी बॅग मात्र आणू नका. तिथल्या दगडी रस्त्यांवर ती ओढण्यापेक्षा उचलणं सोपं. पाठीवरची पिशवी पुरे.

आता मुख्य काम, गल्ल्यांतून चालणं. पोर्तुगीजांनी 1680 मध्ये हे गाव वसवलं, ते स्पॅनिश ब्वेनोस आइरेसच्या अगदी नाकासमोर. स्पॅनिशांनी ते त्याच वर्षी जिंकूनही घेतलं. मग जवळजवळ शतकभर कधी लढाईने, कधी तहाने गाव इकडून तिकडे जात राहिलं. 1777 च्या तहानंतर स्पेनकडे गेलं. ही ओढाताण वाचायला संग्रहालयात जायची गरज नाही, खाली बघा. गटाराची पन्हळ रस्त्याच्या मधोमध असेल तर रस्ता पोर्तुगीज. कडेला पदपथ असेल तर स्पॅनिश. काये दे लोस सुस्पिरोस (तिथले लोक ‘काशे’ म्हणतात), म्हणजे उसाशांची गल्ली, पहिल्या प्रकारातली: ओबडधोबड दगड, दोन्हीकडून मध्याकडे उतार, बुटकी कौलारू घरं. पणजीतल्या फोंताइन्हासमध्ये फिरलेल्याला ओळखीचं वाटेल. पुढचं तर गोव्याशी थेट नातं सांगतं: 1857 चा दीपस्तंभ सान फ्रान्सिस्को हाविएर मठाच्या पडक्या भिंतींना लागून उभा आहे. हाविएर म्हणजे झेवियर. ज्यांचं शव जुन्या गोव्यात आहे, तेच संत.

दीपस्तंभावर चढा; हवा स्वच्छ असेल तर पलीकडच्या ब्वेनोस आइरेसच्या इमारती दिसतात. संग्रहालयं छोटी आहेत, त्यांतल्या अनेक संग्रहालयांना मिळून एकच तिकीट चालतं, पण सुट्टीचे वार वेगवेगळे. एखादं बंद मिळालं तर हळहळू नका.

खाण्याचं शाकाहारी माणसाने आधीच ठरवून जावं. ‘चिवितो’ हा राष्ट्रीय पदार्थ म्हणजे गोमांसाचं सँडविच, त्यात हॅम, अंडं, सगळंच. तुमच्या कामाची वस्तू म्हणजे ‘फायना’: हरभऱ्याच्या पिठाची भट्टीत भाजलेली जाड पोळी, पिझ्झाच्या दुकानात मिळते. आपल्या बेसनाच्या धिरड्याची लांबची बहीण, फक्त मिरची-कोथिंबीर नाही. पाऊस आला तर उरुग्वेत घरोघरी ‘तोर्ता फ्रिता’ (पिठाच्या जाड पुऱ्या) तळतात, जसं आपण भजी. त्यात बरेचदा गाईची चरबी असते, तेवढं विचारून घ्या.

दुसऱ्या सकाळी हाताशी वेळ असेल तर सायकल घेऊन नदीकाठाने पाचेक किलोमीटरवरच्या रेआल दे सान कार्लोसला जा. बैलांच्या झुंजींसाठी 1910 मध्ये तिथे भलंमोठं रिंगण बांधलं आणि दोनच वर्षांत झुंजींवर बंदी आली! अनेक दशकं ते पडीक होतं. 2021 मध्ये दुरुस्त करून पुन्हा उघडलं.

पहिली संध्याकाळ मात्र काठासाठी राखून ठेवा. गाव पश्चिमेकडे तोंड करून बसलंय, सूर्य थेट पाण्यात बुडतो: जूनमध्ये पावणेसहाच्या सुमारास, डिसेंबरात आठनंतर. काखेत थर्मास आणि हातात ‘माते’चा (चहासारखं तिथलं कडसर पेय, भोपळ्याच्या भांड्यातून नळीने पितात) भोपळा घेतलेले लोक धक्क्याच्या कठड्यावर येऊन बसतात. कुणी ‘माते’ची नळी पुढे केली तर संकोच करू नका. फक्त ‘ग्रासियास’ (धन्यवाद) लगेच म्हणू नका. त्याचा अर्थ ‘आता पुरे’ असा होतो.