माळ्यावरची 'सीनरी': जुनं तैलचित्र हाती लागलं तर

इंदूरच्या जुन्या मराठी घरांत हाताने रंगवलेल्या निसर्गचित्राला सरसकट 'सीनरी' म्हणतात. घर पाडायला निघालं किंवा वाटण्या झाल्या की अशी एखादी सीनरी माळ्यावरून खाली येते. पहिल्याच दिवशी कुणीतरी ओल्या फडक्याने ती पुसतं आणि दुसरं कुणीतरी भिंग घेऊन सही शोधायला बसतं. दोन्ही कामांची ती वेळ नव्हे. आधी चित्राची पाठ बघायची, मग दर्शनी बाजू, त्यानंतर सही. पुसायचं तर जवळजवळ नाहीच.

उचलणं आणि पाठ वाचणं

चित्र दोन्ही उभ्या बाजूंना धरून उचला. वरच्या पट्टीला धरून उचलू नका, कारण जुन्या फ्रेमचे सांधे तिथेच निसटतात. मागून कॅनव्हासला बोटं टेकवू नका. आज दाबलेल्या जागी काही वर्षांनी समोर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल तडे उमटतात. पोपडे सुटत असतील तर रंगाची बाजू वर करून चित्र आडवं ठेवा. गळलेला प्रत्येक कण काड्यापेटीत जपा आणि तो कुठून पडला ते चिठ्ठीवर लिहा.

आता पाठ. चिठ्ठ्या, शिक्के, प्रदर्शनाचा क्रमांक, फ्रेमवाल्याचा पत्ता यांपैकी काहीही काढू नका, आधी फोटो घ्या. विन्सर अँड न्यूटनसारख्या रंगसाहित्य विक्रेत्यांचे शिक्के कॅनव्हासच्या पाठीवर असत. अशा शिक्क्यातला दुकानाचा पत्ता जुळवला तर चित्र अमुक सालाच्या आधीचं नाही, एवढं ठरवता येतं. कॅनव्हास छोट्या लोखंडी खिळ्यांनी ठोकलेला आहे की स्टेपलच्या पिनांनी, तेही बघा. पिना साधारण १९५० नंतर रुळल्या. मात्र जुनं चित्र नंतर पुन्हा ताणलेलंही असू शकतं, म्हणून रिकामी पडलेली जुनी भोकं शोधा. मागे जाळीदार ठसा असलेला हार्डबोर्ड असेल तर चित्र १९२०च्या दशकाच्या मध्याआधीचं नाही, कारण तो बोर्ड तेव्हाच बाजारात आला.

पाठीवर बॉलपेनने 'आजोबांचे चित्र' असं लिहिण्याचा मोह आवरा. दाबाची रेघ समोर उमटते. आजी जे सांगते ते तारखेसकट वहीत लिहा, आणि चिठ्ठी सुती दोऱ्याने स्ट्रेचरच्या, म्हणजे कॅनव्हास ज्यावर ताणलेला असतो त्या चौकटीच्या, लाकडाला बांधा.

रंगवलेलं की छापलेलं

ही पायरी वगळून पुढे जाणारे बरेच फसतात. जुन्या ओलिओग्राफवर, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या रंगीत छपाईवर, व्हार्निश चढवत आणि कॅनव्हासची वीणसुद्धा उठवत. दहापट भिंगाने आकाशाचा सपाट भाग बघा. सगळीकडे ठिपके दिसले तर ती छपाई. तैलरंगात ब्रशच्या केसांच्या रेघा दिसतात आणि जाड रंगाच्या कडा उंच असतात. खोलीत अंधार करून मोबाइलची टॉर्च चित्राच्या पातळीला जवळजवळ लावून, दहा-पंधरा अंशांच्या तिरकसपणे धरा. उंचवटे, सुटलेले पोपडे, जुनी डागडुजी, सगळं एका नजरेत येतं. याच उजेडात एक फोटो काढून ठेवा, पुढे संवर्धकाला, म्हणजे जुनी चित्रं शास्त्रीय पद्धतीने दुरुस्त करणाऱ्याला, तोच सर्वांत उपयोगी पडतो.

उघड्यावर बसून रंगवलेल्या चित्राच्या रंगात वाळूचे कण, गवताची काडी, कधी किड्याचा पाय अडकलेला सापडतो. व्हॅन गॉगच्या ऑलिव्हच्या झाडांच्या एका चित्रात नाकतोडा सापडला, तो असाच. बोर्डाच्या कोपऱ्यांत टाचण्यांची भोकं असली तर तीही बाहेर बसून केलेल्या कामाकडे बोट दाखवतात.

काळ रंगावरून

टायटॅनियमचा सफेदा पहिल्या महायुद्धाच्या सुमारास बाजारात येऊ लागला, थॅलो निळा हा कृत्रिम रंग १९३०च्या दशकाच्या मध्यात. चित्रावर १९२८ लिहिलेलं असेल आणि मूळ आकाशात थॅलो निळा निघाला, तर साल खोटं किंवा आकाश नंतरचं. हे डोळ्यांनी ठरत नाही, प्रयोगशाळेतच कळतं. घरी ३६५ नॅनोमीटरचा अतिनील दिवा मात्र वापरता येतो. जुनं नैसर्गिक व्हार्निश हिरवट चमकतं, जस्ताचा सफेदा पिवळसर. व्हार्निशवर नंतर लावलेला रंग काळपट डागासारखा दिसतो. दिव्याकडे थेट बघू नका, चष्मा लावा.

तड्यांचं वाचनही शिकण्यासारखं आहे. वयाचे तडे बारीक आणि धारदार असतात आणि रंगाखालच्या अस्तरापर्यंत खोल जातात. सावकाश वाळणाऱ्या थरावर लवकर वाळणारा थर दिला की रुंद, उथळ भेगा पडतात. त्या चित्रकाराच्या घाईच्या आहेत, वयाच्या नव्हेत. स्ट्रेचरच्या आतल्या कडेला समांतर सरळ तडा गेला असेल तर घाबरू नका, जुन्या चित्रांत तो हमखास असतो.

चित्रकार कोण?

इंदूरला याचं उत्तर देताना विशेष जपावं लागतं. दत्तात्रय दामोदर देवळालीकरांनी १९२७ मध्ये इथे होळकर संस्थानाची चित्रशाळा उभी केली. त्यांच्या हाताखालून चित्रकार ना. श्री. बेंद्रे, डी. जे. जोशी, विष्णू चिंचाळकर गेले, मकबूल फिदा हुसेनही त्यांच्याकडे शिकले. देवळालीकर मुलांना बाहेर नेऊन उजेडात रंगवायला लावत. जाड रंग, तुटक फटकारे, सावलीत निळा-जांभळा, ही त्या शाळेची बोली होती. एकाच ठिकाणी, एकाच पद्धतीने अनेक हातांनी चित्रं केली, त्यांतल्या कित्येकांची नावं कुणालाच आठवत नाहीत. म्हणून 'ओंकारेश्वराचा घाट आहे, म्हणजे जोशी' किंवा 'फटकारा मोकळा आहे, म्हणजे बेंद्रे' हा तर्क इंदुरात चालत नाही. शैलीवरून शाळा कळते, माणूस कळत नाही.

माणूस ठरवायला तीन गोष्टी लागतात: चित्र घरात कसं आलं याचा कागद किंवा सलग साखळी, त्या चित्रकाराच्या खात्रीच्या चित्रांशी शेजारी ठेवून केलेली तुलना, आणि तो चित्रकार त्या वर्षांत कुठे होता याची माहिती. बेंद्रे १९१० मध्ये इंदुरात जन्मले आणि १९५० मध्ये बडोद्याच्या ललित कला शाखेत शिकवायला गेले. १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात ते काश्मीरमध्ये कामाला होते. त्या सालांतल्या निसर्गचित्रावर त्यांचं नाव असेल तर जागा आणि साल जुळतात का, हे आधी बघा.

सहीची परीक्षा साधी आहे. भिंगाखाली सहीची रेघ तड्याच्या आत उतरलेली दिसली, तर सही तडे गेल्यानंतरची. खरी सही चित्राबरोबर तडकते. अतिनील दिव्यात सही व्हार्निशच्या वर काळी तरंगत असेल तर दुसरी शंका घ्या. सही नसेल तर नसू द्या. शाळेतल्या अभ्यासचित्रांवर सही नसणंच साहजिक आहे, आणि सही नसलेलं चांगलं चित्र खोटी सही असलेल्यापेक्षा कधीही बरं.

पुसायचं कशाने?

कोरड्या ब्रशने, तेही पोपडे सुटत नसतील तरच. एक इंची, मऊ बकरीच्या केसांचा ब्रश घ्या. चित्र किंचित पुढे कललेलं उभं धरा म्हणजे धूळ खाली पडेल. वरून खाली, हलक्या हाताने ब्रश फिरवा. पाठीमागे कॅनव्हास आणि खालची पट्टी यांच्या फटीत गिलाव्याचे तुकडे, खिळे, कॅनव्हास ताणणारी निसटलेली पाचर साठते आणि समोर टेंगूळ येतं. चार-पाच सेंटिमीटर रुंद जाड कागदाची पट्टी फटीत अलगद सरकवून ते बाहेर काढा. अडलं तर जोर करू नका.

ओलं फडकं नको, कारण पाणी तड्यांतून अस्तरातल्या सरसापर्यंत पोचतं. सरस फुगतो, कॅनव्हास आकसतो, रंग उचलला जातो. साबणाचा अल्कली तैलरंगालाच खातो. बटाटा फिरवल्याने मळ निघाल्यासारखा वाटतो, पण तड्यांत राहिलेला स्टार्च म्हणजे बुरशी आणि कसर यांना जेवणच. सगळ्यांत वाईट जवसाचं तेल. काही महिने रंग उजळतात, मग ते तेल पिवळं-तपकिरी होऊन मूळ रंगाशी इतकं एकजीव होतं की काढताना चित्रही निघतं. फाटलेल्या जागी मागून फेविकॉलचं ठिगळ लावू नका. वाळताना ते आकसतं आणि त्याची चौकट समोर उमटते.

इंदूरची हवा

एप्रिल-मेची कोरडी झळ आणि जुलै-ऑगस्टची ओल यांतला फरक चित्राला सोसत नाही. पावसाळ्यात कॅनव्हास सैल पडला की लोक कोपऱ्यातल्या पाचरी ठोकून तो ताणतात. उन्हाळ्यात सरस आकसतो, ताण दुप्पट बसतो आणि कोपऱ्यांतून तिरपे तडे जातात. सैल दिसलं तरी दिवाळीपर्यंत थांबा, तोवर बरंचसं आपोआप ताठ होतं.

कूलरच्या झोतासमोर, पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीवर आणि देवघराच्या धुरात चित्र टांगू नका. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाच्या एक-दीड सेंटिमीटर जाडीच्या चकत्या चिकटवा, म्हणजे चित्रामागे हवा खेळेल. पाठीवर सनपॅकची (पोकळ प्लॅस्टिकची) शीट फ्रेमच्या लाकडाला स्क्रूने लावा. हातोडी वापरू नका, धक्क्याने रंग झडतो. सुतळीऐवजी दोन कड्या आणि तार वापरा. उजेड दीडशे-दोनशे लक्सपर्यंत (लक्स हे उजेडाचं माप) पुरे.

कायद्याचं आणि संवर्धकाचं

१९७२चा पुरावस्तू कायदा ५ एप्रिल १९७६ पासून लागू आहे. शंभर वर्षं पूर्ण झालेलं चित्र पुरावस्तू ठरतं. त्याची नोंदणी लागते, मालकी बदलली की कळवावं लागतं आणि खाजगी माणसाला ते परदेशी नेता येत नाही. चित्रशाळेच्या पहिल्या वर्षातली, १९२७ची चित्रं २०२७ मध्ये ही शंभरी गाठतात. शंभर वर्षांहून कमी वयाचं चित्र परदेशी मुलाकडे पाठवायचं असलं तरी ते पुरावस्तू नाही असं पुरातत्त्व खात्याचं प्रमाणपत्र आधी काढून ठेवा, विमानतळावर ते मागितलं जाऊ शकतं.

डागडुजी फ्रेमवाल्याकडे देऊ नका. इंटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेची संवर्धन केंद्रं खाजगी चित्रंही घेतात. कुणाकडेही द्या, पण चित्र हातातून सोडण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: आत्ताच्या अवस्थेचा फोटोंसह अहवाल, कोपऱ्यातल्या दोन-तीन सेंटिमीटर जागेवर करून दाखवलेली सफाईची चाचणी, आणि वापरणार ती प्रत्येक वस्तू पुढे काढता येईल का, याचं उत्तर. या प्रश्नांवर चिडणाऱ्याकडून चित्र गुंडाळून परत आणा. गुंडाळताना रंगाला बटर पेपर लागू द्या, बबल रॅप नको. त्याचे फुगे उन्हाळ्यात व्हार्निशवर ठसा सोडतात.